न झालेल्या मतदानाची किंमत

बाबा मिरजेला मालगाडीचे गार्ड होते. आयुष्याची चौतीस वर्षं त्यांनी ब्रेकव्हॅनमध्ये काढली. २०२३ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे अमेरिकेत, ओहायोत आले होते. एका सकाळी मुलीला पोहायच्या क्लासला सोडायला निघालो आणि गावातल्या फाटकावर अडकलो. मालगाडी आडवी उभी. ना पुढे, ना मागे. पंधरा मिनिटांनी मी गाडीचं इंजिन बंद केलं. बाबा तोवर खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले होते आणि दिसतील तेवढ्या वाघिणी मोजत होते.

चाळीस मिनिटांनी गाडी हलली. शेवटची वाघीण समोरून गेली. तिच्या मागे एक छोटी पेटी लटकत होती, लाल दिवा मिचकावत.

"गार्ड कुठाय?" बाबांनी विचारलं.

"इथं गार्ड नसतो बाबा. १९८० च्या दशकातच मागचा डबा काढून टाकला."

"मग मागं बघतं कोण?"

"ती पेटी. हवेचा दाब कळवते इंजिनाला."

"आणि पुढं किती माणसं?"

"दोन. कंपन्यांना एकच हवाय."

बाबा गाडीत बसले, पट्टा लावला आणि क्लास येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण फाटकावर सगळ्याच सारख्या. पण एक सांगायला हवं. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ रस्ता अडवला तर दंड, असा कायदा ओहायो राज्यात होता. २०२२ मध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो निष्प्रभ केला. रेल्वे हा केंद्राचा विषय, राज्याने त्यात हात घालू नये, असा त्याचा अर्थ. जानेवारी २०२४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाही नकार दिला. बरं, मग केंद्राचा नियम काय म्हणतो? फाटक किती वेळ अडवावं याबद्दल केंद्राचा नियमच नाही. राज्याला अधिकार नाही आणि केंद्राला सवड नाही. या दोन्हींच्या मधल्या जागेत ती मालगाडी उभी होती, आणि माझा सगळा लेख त्या मधल्या जागेबद्दल आहे.

बाबा यायच्या चारेक महिने आधी, ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री, आमच्यापासून दोन तासांवर ईस्ट पॅलेस्टाइन नावाच्या गावात नॉरफोक सदर्न कंपनीची मालगाडी घसरली. गाव जेमतेम पावणेपाच हजार वस्तीचं, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीला लागून. गाडी जवळपास दीडशे डब्यांची. ३८ डबे घसरले, त्यातल्या अकरांत घातक रसायनं. तीन दिवसांनी पाच टाक्यांमधलं व्हिनाइल क्लोराइड मुद्दाम बाहेर सोडून पेटवण्यात आलं. त्या काळ्या ढगाचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. पुढे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, चौकशीअंती सांगितलं की ते जाळायची गरजच नव्हती.

कारण काय, तर एका चाकाचं बेअरिंग तापलं. आमच्या घरात 'हॉट ॲक्सल' हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. आधी जळक्या ग्रीसचा वास येतो, मग धूर, मग रात्रीच्या अंधारात चाकापाशी लाल ठिपका. गाडी स्टेशनातून न थांबता जाते तेव्हा मास्तर एका बाजूला आणि पॉइंट्समन दुसऱ्या बाजूला हिरवी झेंडी किंवा हातबत्ती घेऊन उभे असतात, ते गार्डाला सलाम ठोकायला नव्हे. प्रत्येक चाक त्यांच्या डोळ्यांसमोरून जावं म्हणून. ईस्ट पॅलेस्टाइनची गाडी वीसेक मैल आधीच्या सेलम गावातून गेली, तेव्हा तिच्या चाकापाशी जाळ दिसत होता. तो टिपला एका इमारतीवरच्या सुरक्षा कॅमेऱ्याने, आणि माणसांनी तो पाहिला दुर्घटनेनंतर.

रुळांच्या कडेला उष्णता मोजणारी यंत्रं होती. पहिल्या यंत्राने बेअरिंग हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइटने गरम असल्याचं नोंदवलं, दुसऱ्याने १०३, तिसऱ्याने २५३. तिसरं यंत्र होतं खुद्द ईस्ट पॅलेस्टाइनमध्ये. त्याने धोक्याचा इशारा दिला, चालकाने ब्रेक लावले, पण तोवर उशीर झाला होता. पहिल्या दोन यंत्रांमध्ये अंतर सुमारे अकरा मैल, आणि पुढच्या दोघांत जवळजवळ वीस. ही यंत्रं किती मैलांवर असावीत आणि किती अंशांना गाडी थांबवावी, हे कुणी ठरवलं होतं? प्रत्येक कंपनीने, आपापल्या सोयीने. केंद्रीय नियम नव्हता. पुन्हा तीच मधली जागा.

बाबांना हे सगळं मी फाटकावरून परत येताना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "नियम का नाही केला?"

याचं एक सोपं उत्तर इथे चहाच्या टपरीपासून, म्हणजे इथल्या डोनटच्या दुकानापासून, संसदेपर्यंत सगळे देतात: कंपन्यांनी पुढारी विकत घेतलेत. मीही ते बरेच दिवस देत होतो. मग एका शनिवारी बसून प्रत्यक्ष कागद पाहिले आणि उत्तर थोडं बदललं.

अमेरिकेत लॉबिंग करणाऱ्याला, म्हणजे कायदे आपल्या सोयीचे व्हावेत म्हणून सरकारदरबारी रदबदली करणाऱ्याला, दर तिमाहीला एक अहवाल भरावा लागतो. १९९५ च्या कायद्याने तो आला, २००७ मध्ये दुरुस्ती होऊन तिमाही झाला. नमुन्याचं नाव एलडी-२. कुणीही घरबसल्या उघडून वाचू शकतो, पैसे पडत नाहीत, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा लागत नाही, बाबूची मनधरणी नाही. वर कंपनीचं नाव, मग खर्चाचा रकाना. खर्च जवळच्या दहा हजार डॉलरपर्यंत पूर्णांकात लिहायचा. पुढे विषयाचा तीन अक्षरी संकेत. रेल्वेसाठी 'आरआरआर', करांसाठी 'टॅक्स'. त्याखाली विधेयकांची नावं आणि क्रमांक. मग कुणाशी संपर्क साधला: सेनेट, प्रतिनिधीगृह, वाहतूक खातं. शेवटी लॉबिस्टची नावं आणि ती माणसं पूर्वी सरकारात कुठल्या पदावर होती तेही. आपल्याकडून गेलेल्या माणसाला हे पाहून भरूनच येतं.

पुन्हा वाचल्यावर मात्र काय नाही ते दिसायला लागतं. विधेयकाचा क्रमांक आहे, पण कंपनी त्याच्या बाजूची की विरोधातली, हे लिहायची सक्ती नाही. 'सेनेट' लिहिलंय, शंभरातल्या कुणाला भेटले ते नाही. किती वेळा भेटले, काय मागितलं, काय मिळालं, काहीच नाही. म्हणजे रेशनच्या दुकानाबाहेर फलक लावावा, 'धान्य आले होते, वाटले', तसा प्रकार. खोटं काही नाही, पण त्यावरून पोट भरत नाही.

आणि रक्कम? २०२२ मध्ये नॉरफोक सदर्नने केंद्रीय पातळीवर लॉबिंगवर खर्च केले सुमारे १८ लाख डॉलर. त्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा ३२७ कोटी डॉलर. म्हणजे नफ्यातल्या दर हजार डॉलरमागे पंचावन्न सेंट. त्याच वर्षी मार्च महिन्यात कंपनीच्या संचालक मंडळाने स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यासाठी एक हजार कोटी डॉलर मंजूर केले होते. त्यापुढे अठरा लाख म्हणजे दिवाळीची पोस्त.

देणग्यांचा हिशोब वेगळा. १९०७ पासून अमेरिकेत कंपनीला आपल्या तिजोरीतून केंद्रीय निवडणुकीच्या उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत. म्हणून कंपनीच्या नावाने एक राजकीय निधी उभा राहतो, त्याला इथे 'पॅक' म्हणतात. त्यात पैसे टाकतात व्यवस्थापक आणि अधिकारी, स्वतःच्या पगारातून, स्वेच्छेने. ही स्वेच्छा कशी असते हे कुठल्याही ऑफिसात साहेबांच्या निरोप समारंभाची वर्गणी ज्याने दिली आहे त्याला सांगायला नको. एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त पाच हजार डॉलर. नॉरफोक सदर्नच्या निधीचं नाव 'गुड गव्हर्नमेंट फंड', म्हणजे सुशासन निधी. दोन्ही पक्षांना पैसे जातात. पाच हजारांत अमेरिकेचा सेनेटर विकत मिळत नाही हो. त्याच्या एका दिवसाच्या जाहिरातीसुद्धा त्यात निघत नाहीत.

मग या पैशातून मिळतं काय?

दुर्घटनेनंतर ब्रेकची गोष्ट फार फिरली. २०१५ मध्ये ओबामा सरकारने ज्वालाग्राही द्रव नेणाऱ्या ठरावीक गाड्यांना इलेक्ट्रॉनिक ब्रेक सक्तीचे केले. उद्योगाने कडाडून विरोध केला आणि २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने नियम रद्द केला. यावरून समाजमाध्यमांनी निकाल देऊन टाकला की लाच दिली, ब्रेक गेले, गाव जळालं. पण एनटीएसबीच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी तेव्हाच स्पष्ट केलं की नियम जिवंत असता तरी या गाडीला लागू झाला नसता. नियम होता सत्तर किंवा अधिक टाक्या ज्वालाग्राही द्रवाने भरलेल्या गाड्यांसाठी. ही गाडी मिश्र मालाची, आणि व्हिनाइल क्लोराइड हा कायद्याच्या भाषेत ज्वालाग्राही वायू, द्रव नव्हे. ज्यांना कंपनीला झोडपायचं आहे त्यांनी हे आधी मान्य करावं. चुकीचा पुरावा हातात घेऊन कोर्टात गेलं की आरोपीच निर्दोष सुटतो.

माझं म्हणणं असं की रेल्वे कंपनी कायदा विकत घेत नाही. ती वेळ विकत घेते. आज व्हायचं ते उद्यावर, उद्याचं पुढच्या अधिवेशनावर, पुढच्या अधिवेशनातलं अभ्यास समितीकडे. आपल्या भाषेत याला डझनभर शब्द आहेत. चालढकल, भिजत घोंगडं, बासनात गुंडाळणं, सरकारी काम आणि सहा महिने थांब. आपण ते सुस्त नोकरशाहीसाठी वापरतो. इथे ती सुस्ती कुणीतरी पगार देऊन राखलेली असते.

हे सिद्ध करायला एकच उदाहरण पुरे आहे. चालक चुकला, लाल सिग्नल ओलांडला, वेग जास्त झाला, तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा. इथे तिला पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल म्हणतात. आपल्या 'कवच'चं मोठं भावंड समजा. १९६९ मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅरियन गावाजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकून चार माणसं गेली. एनटीएसबीने १९७० मध्येच शिफारस केली की अशी यंत्रणा हवी. त्यानंतर अडतीस वर्षं शिफारशी होत राहिल्या. सप्टेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला लोकल गाडीचा चालक मोबाइलवर संदेश पाठवण्यात गुंतला आणि लाल सिग्नल ओलांडून मालगाडीवर आदळला. २५ माणसं मेली. महिनाभरात संसदेने कायदा केला. मुदत होती ३१ डिसेंबर २०१५.

मुदत जवळ आली तसा कंपन्यांनी घोशा लावला की जमत नाही. तंत्रज्ञान नवं, रेडिओच्या लहरी मिळत नाहीत, हजारो मैलांचे रूळ. यातलं बरंचसं खरंही होतं. शेवटी उद्योगाने या कामावर एक हजार कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, ते खोटं नाही. पण त्याचबरोबर २०१५ च्या शरद ऋतूत त्यांनी ग्राहकांना कळवलं की मुदत वाढली नाही तर १ जानेवारीपासून विषारी रसायनांची वाहतूक बंद, आणि आमच्या रुळांवरच्या प्रवासी गाड्याही बंद. क्लोरीन नाही म्हणजे शहरांना शुद्ध पाणी नाही. ऑक्टोबरमध्ये संसदेने मुदत २०१८ पर्यंत वाढवली, वर दोन वर्षांची सवलत. काम पुरं झालं २०२० च्या डिसेंबरअखेरीस. मधल्या काळात फिलाडेल्फियाजवळ मे २०१५ मध्ये ॲमट्रॅक या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीची गाडी वळणावर दुप्पट वेगाने गेली आणि आठ जण मेले. डिसेंबर २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात ड्युपाँटजवळ तीन. दोन्ही ठिकाणी ही यंत्रणा चालू असती तर अपघात टळला असता, असं एनटीएसबीचं म्हणणं.

पहिल्या शिफारशीपासून पन्नास वर्षं. या पन्नास वर्षांत 'मी सुरक्षेच्या विरोधात' असं म्हणणारा खासदार मला सापडला नाही. बोलण्यात सगळे सुरक्षेच्या बाजूचे.

हे नवंही नाही. एकोणिसाव्या शतकात इथले ब्रेकमन दोन वाघिणींच्या मध्ये उभे राहून हाताने कडी अडकवायचे, आणि बोटं जायची. असं म्हणतात की नोकरी मागायला आलेल्याचे हात पाहत; एक-दोन बोटं नसली तर माणूस अनुभवी. आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचं पेटंट १८७३ चं, वेस्टिंगहाउसच्या हवेच्या ब्रेकचं १८६९ चं. आयोवातला लोरेन्झो कॉफिन नावाचा शेतकरी वर्षानुवर्षं सभा घेत, पत्रं लिहीत हिंडला, तेव्हा कुठे १८९३ मध्ये दोन्ही सक्तीचे करणारा कायदा आला. मी ही गोष्ट सांगितली तेव्हा बाबांनी नकळत उजव्या हाताची बोटं मिटली. त्यांच्या बॅचमधला एक शंटर तसाच गेला होता, मिरज यार्डात.

आता ईस्ट पॅलेस्टाइननंतरचं. १ मार्च २०२३ ला ओहायोचे दोन सेनेटर, डेमोक्रॅट शेरॉड ब्राउन आणि रिपब्लिकन जे. डी. व्हॅन्स, एकत्र आले आणि रेल्वे सुरक्षा विधेयक मांडलं. आजच्या अमेरिकेत दोन पक्षांचे सेनेटर एका कागदावर सही करतात हेच नवल. तापलेल्या बेअरिंगच्या यंत्रांचे नियम, तपासणीला किमान वेळ, इंजिनात दोन माणसं, जबर दंड. मे महिन्यात समितीत १६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झालं, तेही आधीच बरंच पातळ होऊन.

त्यानंतर काय झालं? काही नाही. विधेयक पडलं नाही, कारण ते पूर्ण सेनेटपुढे मतदानाला आलंच नाही. सेनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घ्यायला शंभरातली साठ मतं लागतात; ती जुळत नव्हती, म्हणून कुणी विधेयक पुढे रेटलं नाही. ३ जानेवारी २०२५ ला ती संसद संपली आणि विधेयक आपोआप मेलं. ब्राउन नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक हरले होते. व्हॅन्स उपराष्ट्राध्यक्ष झाले. पूर्ण सेनेटमध्ये मतदान झालं नाही म्हणजे समितीतले अकरा सोडले तर विरोधात मत देणारा कुणी सापडत नाही. ईस्ट पॅलेस्टाइनच्या माणसाने निवडणुकीत कुणाला जाब विचारायचा? दर हजारी पंचावन्न सेंटला हे मिळत असेल, तर शेअर बाजारात इतका स्वस्त सौदा दुसरा नसेल.

याउलट घाई कशी होते तेही पाहू. दुर्घटनेच्या दोनच महिने आधी रेल्वे कामगार संपाच्या तयारीत होते. मुख्य मागणी होती आजारपणाच्या पगारी रजेची. मोठ्या कंपन्यांनी सहा वर्षांत जवळजवळ २९ टक्के माणसं कमी केली होती, उरलेल्यांना ताप आला तरी ड्यूटी चुकत नव्हती. संसदेने आठवड्याच्या आत कायदा करून संप अडवला आणि करार लादला. सात दिवसांच्या रजेचा वेगळा प्रस्ताव सेनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ असा बहुमताने जिंकून हरला, कारण साठ लागतात. तेव्हा कुणाला अभ्यास समिती आठवली नाही. संसदेला वेगाने चालता येतं, चालायचं की नाही एवढाच प्रश्न असतो.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी, कारण ती अगदीच लंगडी नाही. सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत आहे. कामगार संघटनाही लॉबिंग करतात, 'पॅक' चालवतात. इंजिनात दोन माणसं हवीत या मागणीत सुरक्षेइतकाच नोकऱ्यांचा प्रश्न आहे, हे त्यांनाही माहीत आहे. आणि बेअरिंग किती अंशांना धोक्याचं, हे सेनेटरला कळत नाही. ते कंपनीच्या इंजिनियरला कळतं. त्याला बोलावलंच नाही तर कायदा आणखी वाईट होईल. २०१३ मध्ये कॅनडातल्या लाक-मेगँटिकला एकाच माणसाच्या भरवशावरची तेलाची गाडी उतारावरून सुटली आणि ४७ माणसं जळाली. त्यानंतर दोन माणसांचा नियम अमेरिकेत २०१६ मध्ये प्रस्तावित झाला, २०१९ मध्ये मागे घेतला गेला, एप्रिल २०२४ मध्ये अखेर झाला. या सगळ्या काळात दुसरा माणूस असता तर किती अपघात टळतात याची आकडेवारी पुरेशी नाही, असं कंपन्या म्हणत राहिल्या. आकडेवारीच्या मुद्द्यावर त्या अगदी चूक नव्हत्या.

पण इंजिनियरने येऊन अंश सांगणं वेगळं आणि माजी खासदाराच्या जुन्या सचिवाने बंद दाराआड 'या वर्षी नको' सांगणं वेगळं. पहिलं सगळ्यांसमोर करता येतं. दुसरं सगळ्यांसमोर करता येत नाही, हीच त्याची ओळख.

रेल्वे आणि राजकारण यांचं इथलं सूत जुनं आहे. युनियन पॅसिफिकचे रूळ टाकताना क्रेडिट मोबिलिए नावाची बांधकाम कंपनी काढून सरकारचे पैसे उकळले गेले, आणि मॅसॅच्युसेट्सचा खासदार ओक्स एम्स याने तिचे शेअर सहकारी खासदारांना स्वस्तात वाटले. १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' वर्तमानपत्राने ते फोडलं. एम्सवर ठपका आला, आणि काही महिन्यांतच तो वारला. त्या काळी आमदार, न्यायाधीश, पत्रकार सगळे रेल्वेच्या फुकट पासावर फिरत; १९०६ च्या कायद्याने ते बंद झालं. कंपनी ही कायद्यापुढे 'व्यक्ती' असते, हा विचार जिथून रूढ झाला तो १८८६ चा खटलाही सदर्न पॅसिफिक रेल्वेचाच. गंमत म्हणजे ते वाक्य निकालपत्रात नव्हतंच. निकालाच्या वर सारांश लिहिणाऱ्या नोंदकाराने ते घातलं, आणि हा गृहस्थ पूर्वी एका रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता. आपल्याकडची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्या जीआयपी कंपनीनेही लंडनमध्ये खेटे घालून १८४९ मध्ये पाच टक्के नफ्याची हमी मिळवली होती. तोटा झाला तर भरपाई आपल्या महसुलातून.

तीच युनियन पॅसिफिक जुलै २०२५ मध्ये म्हणाली की आम्ही नॉरफोक सदर्न विकत घेतो. सौदा सुमारे साडेआठ हजार कोटी डॉलरचा. त्याला परवानगी लागते सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाची. ऑगस्टमध्ये या मंडळाचे एक सदस्य, रॉबर्ट प्रायमस, यांना राष्ट्राध्यक्षांनी काढून टाकलं. आधीच्या एका मोठ्या विलीनीकरणाला मंडळात एकट्या त्यांनीच विरोध केला होता. सप्टेंबरमध्ये ट्रम्प म्हणाले की हा सौदा त्यांना बरा वाटतो. ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाउसने नव्या नृत्यदालनाला देणग्या देणाऱ्यांची यादी जाहीर केली, त्यात युनियन पॅसिफिक रेलरोडचं नाव होतं. यातून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. एम्सच्या वेळी शेअर लपवून द्यावे लागले होते, आता यादी छापून येते, एवढंच.

आपल्या निवडणूक रोख्यांची आठवण इथे होणारच. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ते घटनाबाह्य ठरवले, ते मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क मारला म्हणून. निकाल योग्यच होता. पण नावं कळली की प्रश्न सुटला, असं त्या वेळी आपल्यापैकी अनेकांना वाटलं, मलाही. अमेरिकेत नावं शंभर वर्षं कळताहेत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, एलडी-२ मध्ये तीन रकाने वाढवण्याएवढी. विधेयकाच्या बाजूने की विरोधात. सेनेट न लिहिता सेनेटरचं नाव. आणि भेटीची तारीख. जे विधेयक समितीत मंजूर होऊन मतदानाविना मरतं, त्याच्या शेजारी या तारखा ठेवल्या की बाकीचं काम वर्तमानपत्रं करतील. समितीत बसणाऱ्याने ज्या उद्योगाचं विधेयक समोर आहे त्याच्या 'पॅक'कडून त्या काळात पैसे घेऊ नयेत, हे चौथं. घटनेतल्या हक्काला यातल्या कशानेही धक्का लागत नाही. गाऱ्हाणं मांडा, फक्त नाव लावून मांडा. कंपन्या म्हणतील की हे अशक्य आहे, मुदत हवी.

नॉरफोक सदर्नने गावकऱ्यांच्या दाव्यात ६० कोटी डॉलर आणि केंद्र सरकारशी ३१ कोटींहून अधिक देऊन तडजोड केली. बेअरिंगच्या यंत्रांसाठी कंपनीने स्वतःहून जास्त जागा निवडल्या. चांगलंच केलं. पण सगळ्या कंपन्यांना बांधणारा केंद्रीय नियम त्यातून झाला नाही.

बाबा परत मिरजेला गेले. दर रविवारी फोनवर नातीची चौकशी झाली की विचारतात, "त्या बिलाचं पुढं काय?" मी सांगतो, काही नाही. एलडी-२ चे अहवाल जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा महिन्यांच्या वीस तारखेपर्यंत येतात. मागच्या वेळी त्यांनी एक पाठवायला सांगितला होता. पाठवला. दोन दिवसांनी फोन आला: "सगळं वाचलं रे. पण यात गाडी कुठं उभी आहे ते लिहिलंच नाही."